डॉक्टरांचे मौन आणि आप्तांची कळकळ

दवाखान्यातील तपासणी संपते, रुग्ण सदऱ्याच्या गुंड्या लावीत बाहेर येतो आणि चिठ्ठी घेऊन औषधांच्या खिडकीकडे वळतो, नेमक्या त्याच वेळी त्याच्याबरोबर आलेले घरचे माणूस काहीतरी विसरल्याचे निमित्त करून पुन्हा आत शिरते आणि दार अर्धवट लोटून घेत हलक्या आवाजात म्हणते, "डॉक्टर, खरं काय ते मला सांगा, बाबांना मात्र काही बोलू नका." महाराष्ट्रात शहरी वा तालुक्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरच्या ओळखीचा असा हा प्रसंग आहे. त्या विनवणीमागची कळकळ खरी असते, भीती खरी असते, आणि औषधपाणी, पथ्य, पैसा व रात्रीची जागरणे यांचा भार पुढे ज्याच्यावर पडायचा त्याला काय घडते आहे हे कळले पाहिजे, ही अपेक्षाही गैर नसते. तरीही ज्याच्या शरीराविषयी हे बोलणे चालले आहे तो माणूस चार पावलांवर उभा असताना, शुद्धीवर असताना, स्वतःचा व्यवहार स्वतः पाहण्यास समर्थ असताना, त्याला वगळून त्याच्याविषयी मसलत करण्याचा अखत्यार आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनात येतो.

तो न येण्याला कारणे आहेत. आजार हा एका माणसाचा नसून घराचा असतो, ही आपली जुनी धारणा. आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांच्या प्रकृतीची माहिती ज्याला तोंडपाठ असे, गिरगावातील चाळीच्या तळमजल्यावर किंवा पुण्याच्या एखाद्या पेठेत ज्याचा दवाखाना म्हणजे एक बाकडे, एक पडदा आणि पडद्याआडचे टेबल एवढाच पसारा असे, त्या फॅमिली डॉक्टरपासून काही लपवावे असे कोणाला वाटत नसे, आणि पडद्याआडचे बोलणे बाकड्यावरच्या सर्वांना ऐकू जाई याचेही कोणाला वैषम्य नसे. परंतु याच डॉक्टरांनी घरोघरीच्या किती गोष्टी पोटात ठेवल्या, कोणाचे व्यसन, कोणाची मूल न होण्याची व्यथा, कोणाच्या मनाचा तोल ढळल्याची कथा ते कधीही ओठांवर न आणता आपल्याबरोबर घेऊन गेले, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. ती गोपनीयता त्यांच्या शीलावर उभी होती. आज रुग्णाची हकीकत एका माणसाच्या स्मरणात राहत नाही. ती पाच तज्ज्ञ, प्रयोगशाळा, विमा कंपनी आणि रुग्णालयाचे संगणक यांतून फिरते, आणि म्हणून केवळ शीलावर विसंबून भागत नाही, नियमाची गरज लागते.

वैद्याने रुग्णाचे गुपित राखावे हा दंडक आपल्याला परका नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दीक्षा देताना आचार्य जी बंधने घालतात, त्यांत रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर नेऊ नयेत हे बंधन स्पष्ट आहे. हिपॉक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रीक शपथेतही तेच आहे. जागतिक वैद्यक संघटनेने १९४८ साली स्वीकारलेल्या जिनिव्हा येथील प्रतिज्ञेत रुग्णाने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींचा आदर करण्याचे वचन आले आणि १९६८ साली तीत अशी भर पडली की, रुग्णाच्या मृत्यूनंतरही हे वचन सुटत नाही. आपल्या देशात भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली जे व्यावसायिक आचारविषयक विनियम जारी केले, त्यांनुसार व्यवसाय करीत असता कळलेले रुग्णाचे गुपित डॉक्टरने उघड करणे हे गैरवर्तन ठरते. अपवाद मोजके आहेत. न्यायाधीशांचा हुकूम झाला असेल, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका दिसत असेल, अथवा क्षयासारख्या रोगाची वर्दी शासनाला देणे कायद्याने आवश्यक असेल, तरच हे मौन सुटते. २०२३ च्या ऑगस्टात नवे विनियम निघाले खरे, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२ चेच पुन्हा लागू राहिले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिल्यावर या जुन्या दंडकाला संविधानाचाही आधार मिळाला.

याच विनियमांत आणखी एक कलम आहे, आणि ते आप्तांच्या बाजूचे असल्याने त्याचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. रुग्णाच्या स्थितीचे गांभीर्य डॉक्टरने वाढवून सांगू नये वा कमी करूनही सांगू नये, आणि रुग्ण, त्याचे आप्त किंवा त्याचे जबाबदार स्नेही यांना रुग्णाच्या व कुटुंबाच्या हितासाठी आवश्यक तेवढी माहिती आहे याची खात्री करून घ्यावी, असे ते सांगते. म्हणजे नियम कुटुंबाला शत्रू मानीत नाही. दोन्ही कलमे शेजारी ठेवून वाचली म्हणजे माझ्या मते त्यांतून एकच मार्ग निघतो: आप्तांना माहिती मिळावी, परंतु ती रुग्णाच्या हातून किंवा त्याच्या संमतीने मिळावी; त्याच्या पाठीमागून नव्हे.

आपल्याकडची अडचण तर याच्या नेमकी उलट आहे. पाश्चात्त्य देशांत आप्तांची तक्रार अशी की, डॉक्टर आम्हाला काही सांगत नाहीत; आपल्याकडे आप्तांना सारे कळते आणि रुग्णालाच काही कळत नाही. कर्करोगाचे निदान झालेल्या वृद्ध आईला 'गाठ साधी आहे' असे सांगितले जाते, फाइल तिच्या हाती पडू नये म्हणून मोठ्या मुलाच्या कपाटात ठेवली जाते, आणि जिच्या कानावर 'ऑन्कॉलॉजी' ही पाटी वाचणाऱ्या शेजारच्या रुग्णाचे बोलणे पडलेले असते ती आई, मुलांना वाईट वाटू नये म्हणून, आपल्याला काहीच कळले नाही असे दाखवीत राहते. या परस्परांच्या लपवालपवीत एक दुःख दोन ठिकाणी एकेकट्याने सोसले जाते. असे करण्याला परंपरेचा पाठिंबा नाही असे नाही: आयुष्य थोडे उरले आहे हे ठाऊक असूनही, जेथे ते सांगितल्याने रुग्णाला वा दुसऱ्या कोणाला आघात पोहोचेल तेथे वैद्याने ते सांगू नये, असे चरकसंहितेच्या त्याच दीक्षावचनांत म्हटले आहे. परंतु त्या वचनाने वैद्याच्या विवेकावर सोपविलेला निर्णय आपण सरसकट मुलाच्या वा जावयाच्या हाती दिला आहे. पुन्हा, त्या काळच्या वैद्याला रुग्णाकडून शस्त्रक्रियेच्या लेखी संमतीपत्रावर सही घ्यावी लागत नव्हती. ज्याला आपला आजार माहीत नाही तो केमोथेरपीला संमती कशाच्या आधारावर देणार, मृत्युपत्र केव्हा करणार, दूर असलेल्या बहिणीला भेटून येण्याची इच्छा कोणाजवळ बोलणार?

न्यायालयाने या बाबतीत दिलेला कौल प्रत्येक घराने जाणून घ्यावा असा आहे. दिल्लीतील एक चव्वेचाळीस वर्षांची अविवाहित स्त्री मासिक पाळीच्या तक्रारीसाठी दुर्बिणीची तपासणी करून घेण्यास भूल घेऊन टेबलावर होती; तपासणीत जे दिसले त्यावरून डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या वृद्ध आईची संमती घेतली आणि तिचे गर्भाशय व बीजकोश काढून टाकले. समीरा कोहली प्रकरण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ठरविले की, रुग्ण सज्ञान व समर्थ होती, भूल उतरेपर्यंत थांबल्याने तिच्या जिवाला धोका नव्हता, आणि अशा स्थितीत आईची संमती ही संमतीच नव्हे. आईचे प्रेम येथे वादाचा विषयच नव्हते. आईइतके जवळचे माणूससुद्धा शुद्धीवर येऊ शकणाऱ्या लेकीच्या वतीने बोलू शकत नसेल, तर आपण दाराआडून किती बोलावे, याचा विचार प्रत्येकाने आपल्यापुरता करावा.

आता ज्या गोष्टीच्या अज्ञानामुळे अनेक घरांत रुग्णाचे प्रत्यक्ष नुकसान होते तिच्याकडे येतो. गोपनीयतेचे बंधन डॉक्टरच्या बोलण्यावर आहे, ऐकण्यावर नाही. रुग्णाने परवानगी दिली नसली, किंबहुना 'माझ्या मुलाला काही सांगू नका' असे बजावले असले, तरी त्या मुलाने सांगितलेली हकीकत ऐकून घेण्यास कोणताही नियम डॉक्टरला मज्जाव करीत नाही. हे एकदा ध्यानी आले म्हणजे आप्ताची सारी भूमिका पालटते: तो काही काढून घेण्यासाठी न जाता काही देण्यासाठी जातो. आणि देण्याजोगे त्याच्यापाशी पुष्कळ असते. डॉक्टर रुग्णाला पाहतो तो काही मिनिटे, धुतलेल्या कपड्यांत, नीट बसलेला, उत्तरे जुळवून आलेला. जुन्या पिढीतील पुरुषांना तर डॉक्टरसमोर बसले की 'आता अगदी उत्तम आहे' असे म्हणण्याची सवयच असते. रक्तातील साखर तपासायची म्हणून आधीचे दोन दिवस गोड वर्ज्य करणारे गृहस्थ घरोघरी आहेत, आणि अशांमुळेच मागील दोन-तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीएवनसी ही तपासणी डॉक्टरांना मोलाची वाटते. स्त्रिया छातीतील कळ 'पित्त' म्हणून आणि अंगावरून जाणारे रक्त 'वयोमान' म्हणून सोसतात. खरी परिस्थिती घराला दिसत असते: रात्री न्हाणीघरात दोनदा तोल गेला, गॅस तसाच चालू राहिला, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी महिना संपत आला तरी निम्मी भरलेली आहे, संध्याकाळी पेला भरला जातो तो एकावर थांबत नाही, झोपेच्या गोळ्या दुसऱ्याच डॉक्टरकडून चालू आहेत, कोणीतरी दिलेले एक चूर्ण रोज सकाळी घेतले जाते, आणि गुडघ्यांसाठी मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी तर गेले वर्षभर पोटात जात आहे. यातील शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण मूत्रपिंडे आधीच थकलेल्या किंवा रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते. आणि ती सांगण्याचे सुचले नाही, कारण विचारले नाही, असे नंतर ऐकू येते.

सांगावे कसे, यालाही एक रीत आहे. आपला निष्कर्ष सांगू नये, पाहिलेले सांगावे. "आईला नैराश्य आलंय" या वाक्याने डॉक्टरच्या हाती आपले मत पडते; "गेले तीन आठवडे आई पहाटे तीनला उठून बसते, देवपूजा सोडलीय, आणि गणपतीत माहेरी जायचं म्हटलं तर नको म्हणाली," असे सांगितले म्हणजे त्याच्या हाती पुरावा पडतो. गर्दीच्या ओपीडीत तोंडी सांगण्यास अवसर मिळत नाही, म्हणून हे सारे एका कागदावर, एकाच बाजूला मावेल इतके, तारखांसह लिहून न्यावे: आपण रुग्णाचे कोण, काय पाहिले, कोणकोणती औषधे घरात आहेत, पूर्वी कशाची ॲलर्जी उठली होती, आणि आपला फोन नंबर. औषधांची नावे लिहिण्यात चूक होण्याचा संभव असल्यास सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून नेणे उत्तम. फोनवर बोलायचे झाल्यास पहिल्याच वाक्यात हेतू उघड करावा: "डॉक्टर, मला त्यांच्याबद्दल काही विचारायचं नाही, तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते." हे वाक्य ऐकताच पलीकडचा अर्धा ताण उतरतो. तरीही काही डॉक्टर, विशेषतः मानसोपचारतज्ज्ञ, "ही व्यक्ती माझ्याकडे येते की नाही हेसुद्धा मी सांगू शकणार नाही, पण आपण बोला, मी ऐकतो," असे उत्तर देतात. त्याचा राग मानू नये. आपल्या माणसाचे नाव त्यांनी आपल्यापासूनही जपले, म्हणजे ते इतर सर्वांपासून जपतील याची ती ग्वाही आहे.

मात्र आपण दिलेली माहिती ही डॉक्टरपाशी ठेवलेली गुप्त ठेव नव्हे, हे आधीच समजून असावे. डॉक्टरची बांधिलकी रुग्णाशी आहे, आपल्याशी नाही. आपले पत्र तो रुग्णाच्या कागदपत्रांत लावू शकतो, "तुमच्या सुनेने असं कळवलंय" असे रुग्णाला सांगू शकतो. आणि २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने आपले वैद्यकीय दस्तऐवज मागितले तर ७२ तासांच्या आत ते त्याला द्यावे लागतात, तेव्हा तो कागद स्वतः रुग्णाच्याच नजरेस येण्याचा संभव आहे. म्हणून जे रुग्णाच्या तोंडावर सांगण्याची आपली तयारी नाही ते लिहू नये, आणि 'मी सांगितलं हे कळू देऊ नका' अशी गळ डॉक्टरला घालू नये. त्या एका अटीने त्याचे दोन्ही हात बांधले जातात, कारण ज्या माहितीचा उगम सांगता येत नाही तिच्याविषयी रुग्णाला तो मोकळेपणाने विचारणार तरी कसा? शक्यतो आपण डॉक्टरला कळविणार आहोत हे रुग्णालाच आधी सांगावे. घरात चार दिवस अबोला राहील, राहू द्यावा.

याहून सरळ वाट म्हणजे रुग्णाची परवानगी मागणे, आणि नवल असे की हीच वाट सर्वांत कमी चोखाळली जाते. "बाबा, मी आत येऊ का तुमच्याबरोबर?" एवढे विचारण्याचा आपल्याला संकोच वाटतो, पण न विचारता आत जाऊन त्यांच्या वतीने उत्तरे देण्याचा वाटत नाही. परवानगी सर्वंकष असण्याचेही कारण नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेविषयी मुलीशी बोलावे पण लघवीच्या तक्रारीविषयी बोलू नये, खर्चाचे मुलाला सांगावे पण निदान आपणच घरी सांगू, अशी वाटणी करण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे, आणि ती वाटणी ऐकल्यावर बहुधा असे आढळते की त्याला आपल्यापासून आजार लपवायचा नसून आपली लाज जपायची असते. आत गेल्यावर रुग्णाला आधी बोलू द्यावे, त्याचे संपल्यावर "मी एक सांगू का?" असे त्यालाच विचारून मग आपले म्हणणे मांडावे, आणि तपासणीच्या वेळी आपण होऊन बाहेर यावे, कारण ज्या चार गोष्टी सुनेसमोर निघत नाहीत त्या त्या पाच मिनिटांत निघतात. रुग्णालय मोठे असेल तर परवानगी लेखी करून केसपेपरला लावून घेतलेली बरी, म्हणजे पाळी बदलून येणाऱ्या नव्या डॉक्टरशी नव्याने वाद घालावा लागत नाही.

मनाच्या आजारांत हा प्रश्न सर्वांत बिकट होतो, कारण तेथे आजाराचेच एक लक्षण पुष्कळदा असे असते की, आपण आजारी आहोत हे रुग्णाला पटत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यापासून अंमलात आला. त्याने रुग्णाचा गोपनीयतेचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आणि त्याबरोबरच, अनेक कुटुंबांना अद्याप ठाऊक नसलेली, 'नामनिर्देशित प्रतिनिधी' ही तजवीज केली. कोणाही सज्ञान व्यक्तीला साध्या कागदावर लिहून, त्यावर सही वा अंगठा करून, आपला प्रतिनिधी नेमता येतो आणि वाटेल तेव्हा बदलता येतो. या प्रतिनिधीला आपली जबाबदारी पार पाडता यावी यासाठी निदान व उपचार यांची माहिती देण्यास डॉक्टरला हरकत नसते. हा प्रतिनिधी सख्खा नातेवाईकच असावा असे नाही. ज्याचे भावांशी पटत नाही त्याला मित्राला नेमता येते. प्रतिनिधी नेमलेला नसेल तर कायद्याने क्रम लावून दिला आहे आणि त्यात नातेवाईक येतात. आजार उतारावर असताना, मन शांत असताना, हा कागद करून ठेवणे हे मी घरातील सर्वांत उपयोगी कामांपैकी एक मानतो, कारण पुढच्या झटक्याच्या वेळी घरात जी ओढाताण होते तिच्यातून तो सर्वांना सोडवितो. आणि जेथे रुग्ण आत्मघाताची भाषा बोलू लागला आहे, निरवानिरव करतो आहे, औषधे साठवतो आहे, किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवावर उठला आहे, तेथे परवानगीचा विचार करीत बसू नये. तत्काळ डॉक्टरला गाठावे. जिवाला धोका असेल तर गोपनीयता सैल करण्याची मुभा हा कायदाच देतो. रात्री-अपरात्री डॉक्टर हाती लागला नाही तर १४४१६ हा टेलिमानसचा शासकीय दूरध्वनी चोवीस तास चालू असतो, आणि रुग्णाच्या आप्तांनाही त्यावर बोलता येते.

नवराबायकोच्या संबंधांत 'आमच्यात काही लपलेलं नाही' हे गृहीत धरण्याची सवय आहे, पण कायदा ते गृहीत धरीत नाही. सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला तिच्या एकटीची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर तिचे नाव उघड करणे हा दंडनीय अपराध आहे. एचआयव्हीविषयी २०१७ च्या कायद्याने जोडीदाराच्या जिवाचे रक्षण आणि रुग्णाचे गुपित यांत मोठ्या काळजीने तोल साधला आहे: रुग्णाला आधी समजावून सांगायचे, तो स्वतः जोडीदाराला सांगणार नाही अशी खात्री झाली आणि जोडीदाराला खरोखर धोका दिसला, तरच रुग्णाला तशी पूर्वसूचना देऊन डॉक्टर वा समुपदेशक जोडीदाराशी बोलू शकतो, सासूसासऱ्यांशी नव्हे, कचेरीशी तर नव्हेच. वयात आलेल्या मुलामुलींची गोष्ट निराळी. अठरा वर्षांखाली निर्णय पालकांचा असतो, तथापि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला काही वेळ डॉक्टरशी एकटीने बोलू देणाऱ्या आईला पुढे जितके कळते तितके खुर्ची सोडायला तयार नसलेल्या आईला कधीच कळत नाही, असा बालरोगतज्ज्ञांचा अनुभव आहे.

रुग्ण बोलूच शकत नसेल तेव्हा काय? अतिदक्षता विभागाबाहेर चार भाऊ, दोन जावई आणि गावाहून आलेले काका असे सारे आळीपाळीने डॉक्टरला गाठतात, प्रत्येकाला थोडे निराळे ऐकू येते, आणि संध्याकाळपर्यंत कुटुंबात दोन तट पडतात. रुग्णाच्या वतीने बोलणारा कोण, हा प्रश्न आपल्याच मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या संदर्भात देशापुढे आला. १९७३ च्या नोव्हेंबरात झालेल्या अत्याचारानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ तेथे अचेतावस्थेत राहिलेल्या अरुणा शानबाग या परिचारिकेसाठी लेखिका पिंकी विराणी न्यायालयात गेल्या. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या तळमळीचा गौरव केला, पण अरुणाची खरी निकटची माणसे म्हणजे जिने वर्षानुवर्षे तिची शुश्रूषा केली ती केईएमची कर्मचारी मंडळी, असा निर्णय दिला. रक्ताचे नाते किंवा तत्त्वाचा आग्रह यांपेक्षा प्रत्यक्ष सेवेचे नाते तेथे वरचढ ठरले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पुढे २०१८ साली न्यायालयाने जीवनान्ताविषयीच्या पूर्वइच्छापत्राला मान्यता दिली, आणि २०२३ साली त्याची रीत सुलभ केली: दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित करावे, आणि आपल्याला निर्णय घेता येईनासा झाल्यास ज्याने वा ज्यांनी बोलावे त्याचे नाव वा त्यांची नावे त्यात लिहावीत. 'लिव्हिंग विल' या नावाने लोक त्याला ओळखतात. ते करून ठेवलेल्या माणसाच्या मुलांवर अतिदक्षता विभागाच्या दाराशी भांडण्याची पाळी सहसा येत नाही.

परदेशी असलेल्या मुलांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. न्यू जर्सीतून वा मेलबर्नहून पुण्याच्या डॉक्टरला मध्यरात्री येणारा फोन हा अपराधीपणाच्या भाराने वाकलेला असतो. बोलणाऱ्याची ओळख पटविण्याचे साधन डॉक्टरजवळ नसते, आणि ओळख पटली तरी शेजारच्या खोलीत झोपलेल्या वडिलांना न विचारता त्यांचे निदान सातासमुद्रापलीकडे सांगणे त्याला उचित वाटत नाही. न्यू जर्सीचा मुलगा ज्या अमेरिकेत राहतो तेथेही १९९६ च्या 'हिपा' कायद्याखालील नियमांनुसार सामान्यतः रुग्ण संमत असेल किंवा संधी मिळूनही त्याने हरकत घेतली नसेल तरच सेवेत सहभागी असलेल्या आप्तांशी डॉक्टर बोलू शकतो, हे त्याला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक असते. मायदेशी तो नियम त्याला अडसर वाटू लागतो इतकेच. आणि वडिलांचे अहवाल कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकून चुलत-मावस धरून पस्तीस जणांना त्यांच्या प्रोस्टेटची वार्ता देणे हा आजच्या काळातील सर्वांत सर्रास होणारा गोपनीयताभंग आहे, आणि तो डॉक्टर करीत नाहीत, आपण करतो. वडिलांना विचारून, त्यांनी नाव घेतलेल्या एकाच व्यक्तीला अहवाल पाठवावेत. पहिल्याच भेटीत, रुग्णाच्या समक्ष, "आमच्याकडून ताई बोलेल, बाकीच्यांना ती सांगेल," असे डॉक्टरला सांगून तिचे नाव व फोन केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावा. परदेशी भावाने ताईला विचारावे. आणि उद्या बाबांच्या मनात आले की ताई नको, धाकटा बोलू दे, तर त्यांच्याकडून कारण न मागता ते नाव खोडून दुसरे लिहावे.